‘गोलपिठा’ वाचून पहिल्या वाचकांना काय कळलं आणि काय कळलं नाही?

२०२५च्या सुरुवातीला ‘चल हल्ला बोल’ या मराठी चित्रपटाची बातमी आली. चित्रपटात नामदेव ढसाळांच्या कविता होत्या. सेन्सॉर बोर्डाने त्यांवर आक्षेप घेतला आणि चर्चेत ‘कोण नामदेव ढसाळ?’ असा प्रश्न विचारला गेला, असं चित्रपट करणाऱ्यांनी सांगितलं. त्यावर बरीच टीका झाली. सोशल मीडियावर लोकांनी ढसाळांच्या कविता टाकल्या आणि फोटोही टाकले.

पद्मश्री मिळालेल्या आणि साहित्य अकादमीने जीवनगौरव दिलेल्या कवीबद्दल असा प्रश्न यावा, याचं अनेकांना आश्चर्य वाटलं. पण ढसाळांच्या कवितेची गोष्ट माहीत असलेल्यांना त्यात एक जुनी ओळखही दिसली असेल. त्यांचा पहिला कवितासंग्रह ‘गोलपिठा’ १९७२ साली आला, तेव्हाही सुरुवात एका प्रश्नानेच झाली होती. हे कोण लोक आहेत, हे कुठले शब्द आहेत आणि याला कविता म्हणायचं का?

पन्नासहून अधिक वर्षं झाली, तरी हा संग्रह वाचणारा जवळपास प्रत्येकजण कुठेतरी अडतो. अडल्यावर कुणी काय केलं, यातच ‘गोलपिठा’च्या वाचनाचा इतिहास आहे.

गोलपिठा म्हणजे नेमकं काय?

गोलपिठा हे मुंबईतल्या एका भागाचं नाव आहे. कामाठीपुरा, फॉकलंड रोड, फोरास रोड, पिला हाऊस ही नावं जिथे एकमेकांना लागून येतात, तो हा परिसर. ‘पिला हाऊस’ हे ‘प्ले हाऊस’चं मुंबईकरांनी केलेलं रूप. एकेकाळी इथे नाटकांची थिएटरं होती, पुढे सिनेमागृहं आली. कामाठीपुऱ्याचं नाव तेलंगण-आंध्राकडून बांधकामाच्या मजुरीसाठी आलेल्या कामाठी लोकांवरून पडलं. इंग्रजांच्या काळात हा भाग वेश्यावस्ती म्हणून ओळखला जाऊ लागला आणि ती ओळख कायम राहिली.

मराठी मध्यमवर्गाला हे सगळं ठाऊक होतंच. ट्राम, बस, टॅक्सी या भागातून जायच्या. पण तिथे राहणारा माणूस मराठी कवितेत ‘मी’ म्हणून बोलतोय, असं या ताकदीने आधी झालं नव्हतं.

आणि नामदेव ढसाळ?

ढसाळांचा जन्म १५ फेब्रुवारी १९४९चा, पुणे जिल्ह्यातल्या खेड तालुक्यातल्या पूर-कानेरसरचा. घर महार समाजातलं. वडील मुंबईत खाटकाकडे कामाला होते. नामदेव लहानपणीच मुंबईत आले आणि याच परिसरात वाढले. तरुणपणी त्यांनी टॅक्सी चालवली.

‘गोलपिठा’ आला तेव्हा ते जेमतेम २३ वर्षांचे होते.

तो काळही साधा नव्हता. मुंबईत लघु अनियतकालिकांची चळवळ जोरात होती. कुठे सायक्लोस्टाइल करून, तर कुठे पदरचे पैसे घालून तरुण लेखक स्वतःची मासिकं काढत होते. अशोक शहाणे, राजा ढाले, अरुण कोलटकर, दिलीप चित्रे, भालचंद्र नेमाडे ही नावं त्या वातावरणातली. नारायण सुर्व्यांच्या ‘ऐसा गा मी ब्रह्म’ने १९६२मध्येच कामगार कवितेत आणला होता. बाबुराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ने १९६३मध्ये कथेची भाषा हलवली होती. म्हणजे जमीन तयार होती. तरीही ‘गोलपिठा’ वाचायला कुणी तयार होतं, असं म्हणणं कठीण आहे.

पहिला वाचक पुस्तकातच सापडतो

एरवी एखाद्या पहिल्या संग्रहाला वाचकांनी कसं घेतलं हे शोधायचं तर जुने अंक आणि परीक्षणं चाळावी लागतात. ‘गोलपिठा’चं तसं नाही. त्याच्या पहिल्या वाचकांपैकी एकाची प्रतिक्रिया पुस्तकाच्या सुरुवातीलाच छापलेली आहे. ती आहे विजय तेंडुलकरांची प्रस्तावना.

तेंडुलकर तेव्हा मराठीतले सगळ्यात वादग्रस्त नाटककार होते. ‘गिधाडे’वरून वाद झाला होता. ‘सखाराम बाइंडर’ १९७२मध्येच रंगभूमीवर आलं आणि सेन्सॉर, बंदी, हायकोर्ट असा त्याचा प्रवास सुरू झाला. म्हणजे ‘सभ्य’ मराठी वाचकाला धक्का कसा द्यायचा, हे तेंडुलकरांना शिकवण्याची गरज नव्हती.

पण ढसाळांच्या कवितेसमोर तेच अडले. आणि त्यांनी ते लपवलं नाही.

प्रस्तावनेत ते सांगतात की पांढरपेशांचं जग जिथे संपतं, तिथे हे जग सुरू होतं. मराठी साहित्याच्या लेखी तो भाग निर्मनुष्यच होता. कवितेतले कितीतरी शब्द आपल्याला कळले नाहीत, हे ते मोकळेपणाने कबूल करतात. त्यांचे अर्थ त्यांनी ढसाळांनाच विचारले. एवढ्यावर न थांबता, हा भाग मला दाखव, असं म्हणून ते ढसाळांबरोबर त्या गल्ल्यांमधून फिरले.

यात लक्षात घेण्यासारखी गोष्ट आहे ती भूमिकांच्या अदलाबदलीची. प्रस्तावना लिहिणारा सहसा मोठा असतो आणि नवा कवी लहान. मोठ्याने धाकट्याच्या पाठीवर हात ठेवायचा, दोन-चार दोष प्रेमाने दाखवायचे, पुढच्या वाटचालीला शुभेच्छा द्यायच्या, अशी मराठी प्रस्तावनेची रीत. इथे मात्र नावाजलेला नाटककार विद्यार्थी झाला आणि २३ वर्षांचा टॅक्सी चालवलेला कवी त्याचा वाटाड्या.

या प्रस्तावनेवर पुढे टीकाही होऊ शकते आणि ती रास्त आहे. दलित कवीच्या पुस्तकाला सवर्ण लेखकाचा दाखला का लागावा? कवितेआधी वाचकाला वस्तीची सफर घडवली, तर तो कविता वाचेल की वस्तीकडे कुतूहलाने बघेल? पण एक गोष्ट तेंडुलकरांच्या पदरात टाकावी लागते. त्यांना जे कळलं नाही, तो दोष त्यांनी कवितेचा मानला नाही.

अडचण नेमकी कशाची होती?

‘गोलपिठा’ अवघड वाटतो तो शिव्यांमुळे, असा एक समज आहे. शिव्या आहेतच. रक्त, पू, मल-मूत्र, गुप्तरोग हे सगळं आहे. पण अडचण तेवढीच असती तर वाचक एकदा चपापला असता आणि पुढे गेला असता.

खरी अडचण भाषेच्या मिश्रणाची आहे. ढसाळांच्या एकाच कवितेत चार-पाच भाषा नांदतात. गावाकडची महारवाड्यातली बोली, मुंबईची हिंदी-उर्दूमिश्रित बोली, दारूचे गुत्ते, जुगार आणि कुंटणखाने यांच्या धंद्यातले सांकेतिक शब्द. आणि त्यांच्याच शेजारी एकदम भारदस्त संस्कृत शब्द, पुराणातली नावं, राजकीय परिभाषा. विरामचिन्हं बेताचीच, ओळ कधी एका शब्दाची तर कधी धापा टाकत लांब पळणारी.

त्यामुळे प्रत्येक वाचक वेगळ्या ठिकाणी अडतो. पुण्यातल्या प्राध्यापकाला वस्तीतला शब्द कळत नाही. वस्तीतल्या पोराला संस्कृत समास कळत नाही. गावाकडून आलेल्याला बोली कळते, पण मुंबईच्या गल्लीतला इशारा कळत नाही. सगळी कविता विनासायास कळेल असा वाचक बहुधा एकच होता, तो म्हणजे ती लिहिणारा.

शब्दकोशाचा प्रश्न इथे उलटा झाला. तोवर दलित, कष्टकरी घरांतून शिकायला आलेली मुलं पाठ्यपुस्तकातले शब्द अर्थ विचारत शिकत आली होती. घरी कुणी बोलत नाही अशी भाषा ‘शुद्ध’ म्हणून घोटत आली होती. ‘गोलपिठा’मुळे पहिल्यांदाच दुसऱ्या बाजूच्या लोकांवर अर्थ विचारत बसायची वेळ आली.

‘ही कविता आहे का?’

संग्रहावर आलेला सगळ्यात मोठा आक्षेप अश्लीलतेचा आणि बीभत्सतेचा होता. मराठीला हा आक्षेप नवा नव्हता. बा. सी. मर्ढेकरांच्या कवितांवर १९४०च्या दशकाच्या अखेरीस अश्लीलतेचा खटला झाला होता. पण मर्ढेकरांच्या वाचकाला निदान कवी आपल्यातला वाटत होता. यंत्रयुगाने भांबावलेला मध्यमवर्गीय माणूस त्या कवितेत स्वतःला पाहू शकत होता. ‘गोलपिठा’त त्या वाचकाला बसायला जागाच नव्हती. आणि जिथे तो दिसत होता, तिथे तो आरोपीच्या पिंजऱ्यात होता.

या आक्षेपाचं उत्तर शोधायचं तर ‘माणसाने’ ही कविता बघावी. ढसाळांची ही बहुधा सगळ्यात जास्त बोलली, वाचली गेलेली कविता. कवितेचा मोठा भाग म्हणजे अतिरेकांची यादी आहे. नशा, शिवीगाळ, हिंसा, पवित्र मानलेल्या प्रत्येक गोष्टीची मोडतोड. अर्ध्यावर पुस्तक मिटणाऱ्या वाचकाला ही निव्वळ विध्वंसाची कविता वाटते. पण शेवटाकडे ती वळते. इतकं सगळं झाल्यावर जे उरतील, त्यांनी एकमेकांशी कसं वागावं हे ती सांगू लागते. तिथे गुलामी, लूट, वर्ण आणि उच्चनीचता यांना जागा नाही. शेवटी सूर अगदी कोवळा होतो.

म्हणजे अश्लीलतेचा आक्षेप घेणारे आणि मानवतावादी म्हणून गौरवणारे, दोघांनी एकच कविता वाचली होती. फरक होता तो कुणी कुठवर वाचली याचा.

दुसरं उदाहरण ‘मंदाकिनी पाटील’ या कवितेचं. एका तरुण वेश्येवरची ही कविता आहे आणि तिच्या शीर्षकात तिचं नाव आडनावासकट येतं. तोवर साहित्यात अशी बाई आली तर ‘पतिता’ म्हणून यायची किंवा लेखकाच्या दयेचा विषय म्हणून. ढसाळांनी तिला हजेरीपटावर घ्यावं तसं पूर्ण नाव दिलं.

ज्यांना अर्थ विचारावे लागले नाहीत

‘गोलपिठा’ आला त्याच वर्षी मुंबईत दलित पँथरची स्थापना झाली. ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार हे तिच्या संस्थापकांमधले. खेड्यापाड्यांत दलितांवर होणारे अत्याचार, सामाजिक बहिष्कार आणि रिपब्लिकन पक्षातली फाटाफूट यांमुळे तरुणांचा संयम संपला होता. त्यामुळे दलित तरुणांपर्यंत ‘गोलपिठा’ पुस्तक म्हणून पोहोचला, तसाच एका चळवळीच्या नेत्याचा आवाज म्हणूनही पोहोचला. सभेत ऐकलेला माणूस कागदावर भेटत होता.

या वाचकांसाठी धक्का वेगळा होता. आपल्या आसपासचं जग पुस्तकात येऊ शकतं, आपल्या तोंडची भाषा छापली जाऊ शकते, हाच तो धक्का. पुढच्या काही वर्षांत दया पवारांचा ‘कोंडवाडा’ (१९७४) हा संग्रह आणि ‘बलुतं’ (१९७८) हे आत्मकथन आलं. दलित आत्मकथनांची रांगच लागली. आपल्या भाषेत लिहिता येतं हा विश्वास वाढवण्यात ‘गोलपिठा’चा वाटा मोठा होता.

पण समाजाच्या आतली प्रतिक्रिया एकसुरी असते असं मानणं ही चूक ठरेल. शिकून, नोकरी मिळवून वस्तीतून बाहेर पडलेल्या दलित कुटुंबांपुढे एक जुना पेच होता. आपल्या जगण्यातली घाण जगासमोर मांडली, तर ते जग आपल्याला समजून घेईल की पुन्हा त्याच घाणीशी आपलं नाव जोडेल? ‘बलुतं’ आलं तेव्हा खुद्द दलित वाचकांतल्या काहींनी हाच राग व्यक्त केला होता. हा पेच आजही सुटलेला नाही.

ढसाळांचं याबाबतचं उत्तर कवितेतल्या माणसांमध्ये सापडतं. ‘गोलपिठा’तली माणसं एका जातीची नाहीत. वेश्या, दलाल, भिकारी, हमाल, गर्दुल्ले, गावाकडून आलेले भुकेले, अशी ही वस्ती आहे. १९७३मध्ये आलेल्या पँथरच्या जाहीरनाम्यातही ‘दलित’ या शब्दाचा अर्थ असाच रुंद केलेला दिसतो. अनुसूचित जाती-जमाती, नवबौद्ध, कामगार, भूमिहीन शेतमजूर आणि स्त्रिया, सगळे त्यात येतात. ही व्याख्या मार्क्सवादी आहे की आंबेडकरवादी, यावरून पँथरमध्ये वाद झाला आणि १९७४मध्ये संघटना फुटली. कवितेत जी माणसं शेजारी-शेजारी राहू शकली, ती राजकारणात राहू शकली नाहीत.

पुरस्कार, सत्ता आणि घर

१९७४मध्ये ‘गोलपिठा’ला सोव्हिएत लँड नेहरू पुरस्कार मिळाला. १९९९मध्ये ढसाळांना पद्मश्री मिळाली. २००४मध्ये साहित्य अकादमीने सुवर्णमहोत्सवी वर्षाचा जीवनगौरव पुरस्कार दिला. ज्या कवितेला कविता म्हणायचं का असं विचारलं गेलं होतं, ती विद्यापीठांच्या अभ्यासक्रमात गेली.

याच काळात वाचकांचा दुसरा एक गोंधळ वाढत गेला. ढसाळांनी इंदिरा गांधींवर ‘प्रियदर्शिनी’ ही दीर्घकविता लिहिली. ती १९७६मध्ये आली, म्हणजे आणीबाणी सुरू असताना. पुढे ते शिवसेनेच्या जवळ गेले, ‘सामना’त स्तंभ लिहू लागले. १९७४च्या वरळीच्या दंगलीत पँथर आणि शिवसेना समोरासमोर होते, हे आठवणाऱ्यांना ते पचवणं जड गेलं. काहींनी कवी आणि राजकारणी वेगळे काढले. काहींनी दोन्ही सोडले.

सगळ्यात जवळून आलेली प्रतिक्रिया मात्र घरातली होती. ढसाळांच्या पत्नी, कवयित्री मलिका अमर शेख यांचं ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ हे आत्मकथन १९८४मध्ये प्रसिद्ध झालं. संसारातली मारहाण, आजारपण आणि फरफट त्यांनी त्यात आडपडदा न ठेवता लिहिली. जेरी पिंटो यांनी २०१६मध्ये त्याचा इंग्रजी अनुवाद केला आणि ते पुन्हा चर्चेत आलं. मंदाकिनी पाटीलला नाव-आडनाव देणारा कवी आणि या आत्मकथनातला नवरा हा एकच माणूस आहे, हे आज ‘गोलपिठा’ वाचणाऱ्याला बाजूला ठेवता येत नाही. दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून वाचणारे वाचक वाढले आहेत आणि ते बरंच आहे.

अनुवादकाची कसरत

एखाद्या कवितेचं सगळ्यात बारीक वाचन कोण करतं? अनेकदा अनुवादक. ‘गोलपिठा’सह ढसाळांची कविता इंग्रजीत नेण्याचं मोठं काम दिलीप चित्र्यांनी केलं. निवडक कवितांचं त्यांचं पुस्तक २००७मध्ये ‘नवयान’ने काढलं. हेच चित्रे तुकारामांचे इंग्रजी अनुवादक. तुकोबा आणि ढसाळ या दोघांची कविता एकाच माणसाला इंग्रजीत न्यावीशी वाटली, हेही एका वाचकाचं मतच आहे.

मराठीत निदान वाचकाला शब्दाचा वास येतो. हा शब्द गावाकडचा, हा बाजारातला, हा पोथीतला हे अर्थ न कळताही जाणवतं. इंग्रजीत ते थर सपाट होण्याची भीती असते. तरीही कविता पोहोचली. २००१मध्ये बर्लिनच्या आंतरराष्ट्रीय साहित्य महोत्सवात ढसाळ कविता वाचायला गेले. कामाठीपुरा कधी न पाहिलेल्या श्रोत्यांपुढे या कविता वाचल्या गेल्या.

मग आज ‘गोलपिठा’ कसा वाचायचा?

ढसाळ १५ जानेवारी २०१४ रोजी गेले. त्यांच्या आठवणीत मुंबईत ‘सारं काही समष्टीसाठी’ हा कार्यक्रम भरतो, त्यात विशी-पंचविशीतली मुलं त्यांच्या कविता म्हणतात, रॅप करतात, नाटक करतात. म्हणजे ‘कोण नामदेव ढसाळ?’ या प्रश्नाचं उत्तर देणारेही भरपूर आहेत.

पहिल्यांदा वाचणाऱ्यांसाठी जुन्या वाचकांच्या अनुभवातून तीन गोष्टी हाती लागतात.

पहिली, कविता मोठ्याने वाचा. विरामचिन्हं नसलेली ओळ डोळ्यांना अडते, पण तोंडाला श्वास कुठे घ्यायचा ते बरोबर कळतं.

दुसरी, ती शेवटपर्यंत वाचा. ‘माणसाने’सारखी कविता मध्येच सोडली, तर हातात नेमकं उलटं काहीतरी येतं.

तिसरी, न कळलेल्या शब्दाखाली पेन्सिलने रेघ ओढा आणि तो कुणाला तरी विचारा. कोशात तो असेलच असं नाही. कदाचित तो शब्द माहीत असलेला माणूस तुमच्या इमारतीचा वॉचमन असेल, रिक्षावाला असेल किंवा गावाकडची आजी असेल.

तेंडुलकरांनी १९७२मध्ये हेच केलं होतं. सेन्सॉर बोर्डात विचारला गेलेला प्रश्नही खरं तर तोच होता. तेंडुलकर तो प्रश्न विचारून कवीबरोबर त्या गल्ल्यांत चालत गेले. ५३ वर्षांनी तो पुन्हा विचारला गेला, तेव्हा सोबत कविता काढून टाकण्याची सूचना होती.